डेमोवरची होडी

पटो न पटो, घडलं ते जसंच्या तसं सांगतोय. रात्र नव्हती. भर दुपार, चारला दहा कमी. जागा म्हणजे धक्क्याजवळचं यंत्रदुरुस्तीचं दुकान.

दुकानदाराचं काम एकच. होडीवरच्या लॅपटॉपमध्ये समुद्राचा नकाशा टाकायचा आणि त्याला जीपीएस जोडून द्यायचा. हात चलाख, बोलणं त्याहून चलाख.

चार महिन्यांपूर्वी तो मेहुण्याच्या होडीवर गेला होता. जीपीएस काही केल्या दाद देईना. घरी जायची घाई. मग त्याने सरळ डेमो चालू केला. डेमोत पडद्यावरची होडी आपोआप चालते, जीपीएस असो वा नसो.

"बघा, चालतंय की," त्याने वेळ मारून नेली. नीट जोडायचं उद्यावर टाकलं.

मेहुणा पहाटेच निघाला. बाहेर धुकं, भरवसा फक्त पडद्यावर. होडी खडकावर फुटली.

फळ्या मिळाल्या, जीपीएस मिळाला. मेहुणा मिळाला नाही.

"यंत्रच खराब होतं," त्याने बहिणीला सांगितलं. तिने मान डोलावली. तेव्हापासून त्याला घास गोड लागला नाही.

त्या दुपारी त्याने तोच जीपीएस टेबलावर घेतला. खरंच खराब निघाला, तर मनावरचं ओझं तरी उतरेल. केबल लॅपटॉपला लावली...

लगेच जोडला गेला. यंत्र ठणठणीत होतं.

पण पडद्यावरची होडी दुकानापाशी नव्हती...

खडकापाशी होती.

आणि ती चालू लागली.

त्याने डेमो तपासला. बंद होता.

केबल उपटली.

होडी चालतच राहिली. धक्क्याला लागली... जमिनीवर चढली... बहिणीच्या घरापाशी थांबली.

फोन वाजला. बहीण होती.

"दादा, दार वाजलं म्हणून उघडलं. कोणीच नाही. पायरी मात्र ओली आहे." मग तिने विचारलं, "तू त्यांचं यंत्र नीट जोडलं होतंस ना रे?"

सगळं सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं.

"हो गं," तो म्हणाला.

होडी वळली. दुकानाकडे निघाली...

त्याने लॅपटॉप मिटून कपाटात कोंबला. दारात कोणी आलं नाही. बहिणीला त्याने अजून खरं सांगितलेलं नाही.

रोज चारला दहा कमी असताना तो दुकानाची पायरी पुसतो. विचारलं तर म्हणतो, धूळ होती.

फडकं मात्र पिळावं लागतं.