मनकर्णाबाईंच्या विहिरीतलं कासव

पोलिसांचे उंबरे झिजवून झाले की माणसं चिखलीच्या अनंत धानोरकरांकडे येत. मनकर्णाबाई मात्र थेट आल्या. मोताळ्याजवळच्या मळ्यात वांगी-मिरची पिकवणारी ही विधवा बाई दारातच बोलू लागली.

“चैत्रात विहीर खणली. सरकारी अनुदानाचा अर्धा पैसा भेटला, बांधकामाचा राह्यला. आता सायेब म्हनतात, जुनी पडीक विहीर उपसून नवी दाखवली. काऊन, तं आत परातीएवढं कासव निघालं.”

“ते तुम्ही आधी पाहिलं होतं?”

“कधीच नाही. पोळ्यानंतर कोनीतरी निनावी अर्ज केला, अन् सायेबानं पाह्यलं तं होतं. भेटलेला पैसा वापस मागतात. बांधली नाही तं विहीर ढासळते. अन् गाव मले चोट्टी म्हनून राह्यलं.”

धानोरकरांचे सोबती भाऊराव मास्तर यांना बाईचाच संशय आला. एवढं कासव काय सहा महिन्यांत वाढतं? विहीर खणणारे वडारही केव्हाच दूर निघून गेले होते, म्हणजे साक्षीलाही कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मळ्यावर गेले. शेजारी दोनच, आणि दोघांनीही नव्या विहिरीसाठी अर्ज केलेले. जवळजवळच्या दोन विहिरींना अनुदान मिळत नसे. बाईंची बाद झाली तरच यांची सोय.

“आपन त्या बाजूले जातच नाही,” पहिले शेजारी वामनराव म्हणाले. त्यांनी आपल्या विहिरीतून बादली ओढून दोघांच्या ओंजळीत पाणी ओतलं. खाली दोन कासवं तरंगत होती.

“ते तिसरं इथलंच असणार,” भाऊराव कुजबुजले. धानोरकर ओंजळीतलं पाणी प्यायले.

दुसरे शेजारी अर्जुनराव यांनी ओसरीवर बसवलं. “जुनीच विहीर हाय ते. माह्या लहानपनापासून.”

त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, फडक्यातून पाणी गाळून तांब्या पुढे केला. “उशीर झाला. पोळ्यापासून गाळाच लागते. पयले असं नव्हतं.”

अर्जुनरावांनी नुसतं वळून पाहिलं. शालूबाई आत गेल्या.

संध्याकाळी धानोरकरांनी साहेबांसह सगळ्यांना मनकर्णाबाईंच्या विहिरीवर बोलावलं. कासव वर काढून ठेवलं होतं.

“कच्च्या, उभ्या काठावरून कासव उतरत नाही. ते कुणीतरी सोडलं, आणि अर्ज करणाऱ्याला ते माहीत होतं. आणलं कुठून? विहिरीत कासव पाळतात ते पाण्यातले किडे खायला. ते काढलं की किडे माजतात. वामनरावांचं पाणी आम्ही न गाळता ओंजळीनं प्यायलो. पोळ्यापासून गाळणं सुरू झालं ते एकाच घरी.”

“माहं नाही ते कासव,” अर्जुनराव म्हणाले.

“हरकत नाही. ज्याचं असेल त्यानं न्यावं, नाहीतर वामनरावांच्या विहिरीत सोडतो.”

कुणीच हललं नाही. मग शालूबाई पुढे झाल्या.

“द्या इकडे. आमचंच हाय. माह्या सासऱ्यानं आनलं होतं. घरात लेकरं किड्याचं पानी पेतात.”

साहेबांनी मान खाली घातली. “बाई, दगड आणायला सांगा. हप्ता उद्या निघेल.”

मनकर्णाबाई मातीच्या ढिगावर बसून रडल्या. भाऊरावांना आपल्या संशयाची लाज वाटली. डोळे पुसून मनकर्णाबाईंनी शालूबाईंचा हात धरला.

“शालू, आज घरी नोको जाऊ.”

“जाते. ते माहं बी घर हाय.”

कासव पोटाशी धरून शालूबाई बांधावरून पुढे निघाल्या. अर्जुनराव बऱ्याच अंतरानं मागून गेले.