उजवीकडची शेवटची खिडकी

नवरा आत आणि बायको बाहेर, ही त्यांची कामाची वाटणी लग्नाआधीपासूनची. पडक्या इमारतींचे नकाशे काढताना तो प्रत्येक खिडकीत येऊन हात हलवायचा, डावखुरा असल्यामुळे डावाच, आणि ती अंगणातून कागदावर खूण करायची. मजले कुजलेले असत. हात दिसला की तिचा जीव भांड्यात पडे.

ही हवेली माळावर एकटीच उभी होती. दर्शनी भागाला उंच गोल खांब, वर त्रिकोणी माथा, छप्पर मात्र कधीच कोसळलेलं. बांधणाऱ्या गिरणीमालकाला जोडीचं भारी वेड होतं, असं म्हातारा राखणदार सांगत होता. डावीकडे जे, ते उजवीकडे हवंच. उजव्या टोकाला खोली निघेना, तेव्हा त्याने भिंतीवर नुसत्या दिखाव्याची दगडी खिडकी कोरून घेतली. मालकाला मुलगी एकच होती. इथे राहायला आल्यावर मात्र पायऱ्यांवर दोघी खेळताना दिसू लागल्या, आणि एका सकाळी घरातले सगळे हवेली सोडून गेले.

"दोघींना घेऊन?" तिने थट्टेने विचारलं.

"एकीलाच. कोणती, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही म्हणतात."

म्हाताऱ्याने चांगलीच थाप मारली, असं म्हणून नवरा हसत आत गेला. एकेका खिडकीत हात हलत गेला, ती खुणा करत गेली. उजवीकडच्या शेवटच्या खिडकीत हात हलला. तिने खूण केली.

मग तिला आठवलं. तिथे खिडकी नव्हतीच.

तिने वर पाहिलं. शेवाळलेला दगड, बाकी काही नाही. ती लगबगीने पायऱ्यांकडे निघाली. तेवढ्यात नवरा पायऱ्या उतरताना दिसला, केसांत चुना, अंगाने धडधाकट. स्वतःच्या भित्रेपणाचं तिला हसू आलं.

"शेवटच्या खिडकीत कसा पोचलास रे?"

"तिथे कोण जाणार? ती खोटी आहे."

एरवी तो 'काय मुकादमबाई' म्हणून तिला छेडायचा. आज गुपचूप गाडीत बसला. नेहमीसारखा तिच्याकडून नकाशा घेतला आणि खाली सही केली.

उजव्या हाताने.

गाडी सुरू झाली. तिने मागे वळून पाहिलं.

शेवटच्या खिडकीत हात अजून हलत होता. डावा.