हलिमाच्या वहीतला मासा

हलिमाची निवड का झाली नाही, हे कोडं ऋजुताला काही केल्या सुटत नव्हतं.

चंद्रतळावरच्या (चंद्रावरच्या वस्तीतल्या) शाळेची परीक्षा सातवीत एकदाच देता येई. ऋजुता स्वतः आपटली त्यात नवल नव्हतं. शाळेची पाटी (बाईंचं बोलणं ऐकून आपोआप टिपणं काढणारं यंत्र) सगळं लिहून घेते, मग आपण कशाला जीव काढायचा, असा तिचा खाक्या. तास चालू असताना ती पाटीवरच्या खेळात मासे पाळे. पण हलिमा? डोळ्यांच्या दुखण्यामुळे तिला पाटी वर्ज्य होती. ती कागदावर हाताने लिही. तिची आई चंद्रतळावर पाण्याच्या यंत्रांवर कामाला होती आणि अजून चार वर्षं परतणार नव्हती. निवड झाली असती, तर हलिमा जूनमध्ये आईजवळ गेली असती. दोन गुणांनी हुकलं.

"ही रद्दीत दे," एवढंच म्हणून तिने विज्ञानाची वही ऋजुताच्या हातात ठेवली होती.

ऋजुताने ती आजोबांपुढे टाकली. आजोबा मेंदूशास्त्रज्ञ. निवृत्त झाले, तरी चौकशा सुटल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसून पानं उलटली. दिवाळीपर्यंत गच्च लिखाण होतं. पुढे वाक्यं मध्येच तुटलेली. 'वाफ थंड झाली की तिचं' आणि पुढे कोरं.

"दिवाळीनंतर वर्गात काय बदललं?"

"काही नाही. हां, बाकं फिरवणं बंद झालं. आधी दर सोमवारी प्रत्येकाची जागा बदलायची, पुढे-मागे बसणारेही वेगळे. मग पाट्या चार्ज करायला प्लग बसवले आणि बाईंनी जागा कायम केल्या."

"हलिमाची जागा कुठे?"

"माझ्या मागे."

आजोबांनी वही उघडीच बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तेराचा पाढा उलटा म्हण बघू."

ऋजुताने सुरुवात केली. तेवढ्यात आजोबांनी शेजारी तिच्या पाटीवर एक मुकं कार्टून लावलं. तेरा सातेपाशी ती अडखळली, पुन्हा मागे गेली, पुन्हा अडखळली.

"मी तिकडे बघत नव्हते," ती चिडून म्हणाली.

"तू नव्हतीस, तुझे डोळे बघत होते. हलणाऱ्या, झगमगणाऱ्या गोष्टीकडे ते आपल्याला न विचारताच वळतात. आता कार्यस्मृती समजून घे (हातातलं काम होईपर्यंत माहिती धरून ठेवणारी मनाची ओंजळ). ओंजळीत मावतं थोडंच. बाई वाक्य सांगतात, हलिमा ते धरते आणि लिहायला लागते. तेवढ्यात समोर काही झळकलं, की ओंजळ सांडते. ती परत भरेपर्यंत बाई पुढच्या वाक्यावर गेलेल्या असतात."

"पण पाटी माझी होती."

"उजेड तुझ्यापुरता थांबत नाही, बाळा. आणि तुझंही तेच झालं. टिपणं पाटीपाशी राहिली. ऐकलेलं स्वतः समजून लिहिलं, की ते डोक्यात मुरतं. तू काहीच मुरू दिलं नाहीस."

त्यांनी पान उलटलं. समासात एक इवलासा मासा काढलेला होता, पट्ट्यापट्ट्यांचा, अर्ध्या शेपटीचा. ऋजुताने तो लगेच ओळखला. तिच्याच खेळातला, तिने वर्षभर लाडाने वाढवलेला वाघोबा.

संध्याकाळी ती हलिमाकडे गेली. हलिमा गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ऋजुताने सगळं सांगून टाकलं, रडत रडत.

"मला कळत होतं," हलिमा म्हणाली. "लिहिता लिहिता नजर तिकडे जायची. पण मासा छान होता, म्हणून बोलले नाही."

"आता काय करू मी?"

"काही नाही होणार आता." हलिमाने हातातल्या फ्रॉकची घडी मोडून पुन्हा घातली. "अम्मीला अजून सांगितलं नाहीये. माझ्या तोंडून निघत नाही. तू सांगशील?"

ऋजुताने तिथूनच फोन लावून सांगितलं. चंद्रतळावर शब्द पोचायला सव्वा सेकंद लागतो. अम्मी त्याहून खूप उशिरा बोलल्या.

आजोबांनी ती वही बाईंना नेऊन दाखवली. बाईंनी तो मासा पाहिला आणि जागांचा तक्ता भिंतीवरून काढून टाकला. जूनपासून बाकं पुन्हा सोमवारी फिरू लागली. बाई बोलत असताना पाट्या मिटलेल्या असत. चंद्रावरचे डोंगर फिरवून बघायचे असले, की सगळ्या एकदम उघडत आणि काम झालं की मिटत. पुढच्या सातवीचं भलं होईल. हलिमाचं गेलं ते गेलंच.

वही मात्र रद्दीत गेली नाही. मधल्या सुट्टीत दोघी एकेक तुटलेलं वाक्य पुरं करत बसतात. आधी आठवायचं, मग पुस्तकात ताडून बघायचं, अशी हलिमाची अट आहे. चार वर्षांनी अम्मी आल्या, की त्यांना दाखवायची आहे.

मासा खोडायला ऋजुताने रबर काढलं होतं. हलिमाने तिचा हात धरला आणि राहिलेली शेपटी पुरी केली.