स्टूल आडवंच ठेव

काम अगदी साधं होतं. मिशिगनमध्ये नोव्हायच्या एका घरातून लाकडी स्टूल उचलायचं आणि शिकागोला, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, नाना क्वाबेनांच्या घरी पोचवायचं.

"हे नाना म्हणजे आपल्यातले नव्हेत हं," श्रीरामकाका म्हणाले. "घानाचे, आशांती लोकांपैकी. त्यांच्याकडेही वडीलधाऱ्यांना नानाच म्हणतात."

बर्फाच्या वादळानं लाइट गेले होते. बेसमेंटमध्ये एका मेणबत्तीभोवती ईशान आणि अनिका ब्लँकेटं गुंडाळून बसली होती.

"काका, रिअल आहे ना? की बनवलेली?" अनिकानं विचारलं.

"आमच्या दुकानाच्या वर राहतो तो मुलगा. कुश. त्याच्या तोंडून ऐकलंय. आता मधे बोलू नका."

तर हा कुश. वय एकोणीस. शाळा अर्ध्यावर सोडलेली. डोक्यात आलं की केलं, असा स्वभाव. त्याचा मोठा भाऊ निमिष. दोघांनी मिळून एक सेकंडहँड कार्गो व्हॅन घेतली होती, लोकांचं सामान हलवायचे. निमिष बोलणार, कुश उचलणार. ऑक्टोबरात एका रात्री निमिषनं कुशला फोन केला. कुश गेम खेळत होता, त्यानं कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. सकाळी एका वेअरहाउसच्या पार्किंगमध्ये निमिष व्हॅनमध्ये सापडला. हार्ट. एकतीस वर्षांचा पोरगा.

घरी येणारा जाणारा सांत्वन करायचा. कुश काहीच ऐकायचा नाही. त्याच्या डोक्यात एकच. फोन कशाला केला होता? काय सांगायचं होतं दादाला?

महिना व्हायच्या आत तो व्हॅन घेऊन कामाला लागला. आई नको नको म्हणत होती. पहिलंच काम नानांचं.

नानांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाय उशीवर ठेवून त्यांनी कुशला समोर बसवलं आणि म्हणाले, "आधी ऐकून घे, काय आणतोयस ते. एकोणीसशे साली इंग्रजांचा गव्हर्नर आमच्या कुमासीत आला. भर सभेत विचारतो, तुमचं सोन्याचं आसन कुठंय? मी त्यावर का बसलेलो नाही? अरे, आमचा राजासुद्धा त्यावर बसत नाही. आख्ख्या आशांतीचा जीव आहे त्यात. झालं. राजमातेनं लढाई पुकारली. माणसं गेली, राजमातेला बेटावर नेऊन टाकलं, पण सोन्याचं आसन काही त्यांच्या हाती लागलं नाही. तेव्हा एका साहेबानं चिडून आमच्या घरातलं उचललं. माझ्या पणजीचं."

"म्हणजे सोन्याचं नाहीये?" कुशनं विचारलं.

नाना हसले. "लाकडाचं आहे, बाळा. पण माझ्या पणजीचं आहे. आता त्या साहेबाच्या पणतीनं परत द्यायचं ठरवलंय. एकच गोष्ट सांभाळ. स्टूल आडवंच ठेव. माणूस उठला की आम्ही आसन आडवं करतो. उभं ठेवलं की जाणारा-येणारा त्यावर बसतो."

"जाणारा-येणारा म्हणजे कोण?"

नानांनी उशीवरचा पाय सावरला.

"ज्याला बसायला जागा उरली नाही, तो."

हे वाक्य कुशच्या मनात रुतलं. नोव्हायपर्यंत ते त्याच्याबरोबर होतं.

ती रात्र नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारची. घड्याळं एक तास मागे जातात ना, तीच रात्र. त्या घरातली म्हातारी, साहेबाची ती पणती, गप्पिष्ट निघाली. सूप पाज, केक खायला घाल, करता करता अकरा वाजवले. अटिकमध्ये घेऊन गेली. स्टूल तिथंही आडवंच पडलेलं. बैठक मधे खोलगट, दोन्ही टोकं वर वळलेली, सगळं एकाच ओंडक्यातून कोरलेलं. धुरानं काळंभोर झालेलं.

"पणजोबांना त्यावर बसायचं होतं फार," म्हातारी म्हणाली. "त्यांच्या बायकोनं, माझ्या पणजीनं, बसू दिलं नाही. हे उभं करायचं नाही, एवढंच ती सांगून गेली. लहानपणी इथे वर बुटांचा आवाज यायचा. स्टुलाभोवती गोल गोल. आम्ही म्हणायचो, उंदीर असतील."

"बूट घातलेले उंदीर?" कुश हसला.

म्हातारी हसली नाही.

त्यानं स्टूल ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, व्हॅनमध्ये मागे आडवं ठेवलं आणि निघाला. रस्ता रिकामा. दोन्हीकडे काळी झाडं. शेजारची सीट रिकामी. तिथे दादा बसायचा, डॅशबोर्डवर पाय टाकून. "नीट चालव रे, घोडागाडी नाहीये," असं दर दहा मिनिटांनी म्हणायचा.

कॅलामझूच्या पुढे कुशला रस्ता दिसेना. डोळे भरून आले होते. रेस्ट एरिया लागला तिथे त्यानं व्हॅन घेतली. एकही ट्रक नाही. टॉयलेटच्या दारावर एक दिवा, तोही फडफडणारा. स्टीअरिंगवर डोकं ठेवून तो रडला. आणि रडता रडता थांबला.

ज्याला बसायला जागा उरली नाही, तो.

दादाला तरी कुठे उरली होती?

"कुशनं उभं केलं?" ईशान पुटपुटला.

"केलं. दुसरा तिसरा विचारच नाही."

मागचं दार उघडून तो आत चढला. दार ओढून घेतलं. फोनचा टॉर्च लावून फोन जमिनीवर ठेवला. ब्लँकेट काढलं. स्टूल उचलून व्हॅनच्या मधोमध उभं केलं. समोर फतकल मारून बसला.

"दादा, ये ना यार. बस इथे. मी फोन उचलला नाही, सॉरी. पण काय म्हणायचं होतं तुला, एवढं सांग आणि जा."

काही नाही. बाहेर वारा. फोनवर एक एकोणसाठ झालेले. तो बघत होता. पुढच्या मिनिटाला दोन वाजायला हवे.

एक वाजला.

गेलेला तास परत आला होता.

आणि व्हॅन खाली बसली. मागच्या बाजूला एखादा जड माणूस चढला की बसते, तशी. स्प्रिंग कुरकुरले. दार तर बंद होतं.

पत्र्यावर पाऊल वाजलं. एक. मग दुसरं. स्टुलाभोवती. गोल.

कुशला हलता येईना. टॉर्चच्या उजेडात काहीच दिसत नव्हतं. पण ओल्या लोकरीचा वास आला. आणि तंबाखूचा, जुन्या, गोडसर. दादा तर सिगारेटलाही शिवायचा नाही.

पावलं थांबली. लाकूड करकरलं.

कुणीतरी बसलं.

सुटकेचा एक श्वास ऐकू आला. लांब. शंभर वर्षं उभा राहिलेला माणूस टाकेल, तसा.

"द... दादा?"

"कुश."

आवाज दादाचा. हुबेहूब दादाचा.

कुशला रडूच फुटलं. "दादा! फोन कशाला केला होतास?"

"सांगतो. जवळ ये."

तो सरकला.

"अजून."

तो सरकला. वास आता नाकात, घशात.

"गुडघे टेक," दादाचा आवाज म्हणाला. "गुडघे टेक, डोकं खाली घाल. मग सांगतो."

कुशचे गुडघे टेकले गेले, बाळांनो. त्यानं टेकले नाहीत. टेकले गेले. मान खाली जायला लागली, जणू वरून हात ठेवलाय. पत्र्यावरची माती नाकाशी आली आणि तेव्हा त्याला कळलं. त्याचा दादा, स्वतः बारा वर्षांचा असल्यापासून त्याला खांद्यावर घेऊन नाचवणारा. कस्टमरनं कुशला 'बॉय' म्हटलं म्हणून सोफा अर्ध्या जिन्यात ठेवून निघून आलेला. तो म्हणेल, गुडघे टेक?

पण आवाज...

आवाज दादाचाच होता.

आणि दादाच असला तर? दादा सीटवरून उठून इथवर आला असला, दमला असला, आणि आपणच त्याला ढकलून दिलं तर? परत कुठे बसेल तो?

मान आणखी खाली गेली.

कुशनं हात पुढे केला. स्टुलाचं टोक हाताला लागलं. ओढलं. हलेना. बर्फासारखं गार आणि दगडासारखं जड. दोन्ही हातांनी धरलं. वरून एक शब्द आला, इंग्रजी, कुणा दुसऱ्याच्या आवाजात, नोकराला हाक मारतात तसा. कुशनं डोळे मिटले आणि अंगातला सगळा जोर लावून ओढलं.

स्टूल आडवं झालं.

धाडकन आवाज झाला. लाकडाचा नव्हे. माणूस पडल्याचा. आणि त्यातच कुणीतरी ओरडलं...

"कुशाऽऽ!"

काका थांबले. मेणबत्तीची ज्योत वाकडी झाली होती, हाताचा आडोसा करून त्यांनी ती सरळ होऊ दिली.

"कुशा त्याला कोण म्हणायचं?" अनिकानं अगदी हळू विचारलं.

"निमिष. एकटा निमिष."

कुश दार ढकलून बाहेर पडला तो थेट ड्रायव्हरच्या सीटवर. व्हॅन हायवेला लागली. ऐंशी, नव्वद. मधे पत्र्याची भिंत होती, मागचं दिसत नव्हतं. दिसायला नकोच होतं.

मग वाजायला लागलं.

टिंग. टिंग. टिंग.

डॅशबोर्डवर लाल दिवा. शेजारच्या सीटवर माणूस आहे, बेल्ट लावलेला नाही.

कुशनं उजवीकडे पाहिलं नाही. मान लाकडाची झाली होती. टिंग. टिंग. काच आतून धूसर झालेली, फक्त त्या बाजूची. टिंग टिंग टिंग...

"कोण आहे?"

टिंग टिंग टिंग टिंग...

"दादा?"

खट्.

बकलाचा आवाज. आणि सगळं शांत.

तसाच तो शिकागोपर्यंत आला. एकदाही वळून न बघता. अजून उजाडलं नव्हतं, गल्लीतले दिवे चालू होते. नाना वॉकर धरून पायरीवर उभे होते, न सांगता. कुशचा चेहरा बघून ते थेट व्हॅनच्या मागे गेले. मागचं दार उघडलं. स्टूल आडवं पडलेलं. त्यांनी बैठकीवर तळवा टेकवला आणि झटकन काढला.

"तू उभं केलंस."

कुशनं सगळं सांगितलं. नाना वॉकर टेकत पुढे गेले आणि शेजारच्या काचेतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कुशला बोलावलं.

बेल्ट लावलेला होता. पण सीटच्या पाठीला टेकलेला नव्हता. पुढे आलेला. ताणलेला. पट्टा आणि सीट यांच्यामधे जागा होती. माणसाच्या छातीएवढी.

"मग दादाच!" ईशान एकदम म्हणाला. "त्या काळच्या साहेबाला सीटबेल्ट कुठून लावता येणार, काका?"

"कुशही हेच म्हणाला. दार उघडून आत हात घालायला गेला. नानांनी मनगट धरलं. म्हणाले, हात लावू नकोस. आधी विचार. जे विचारायला तू एवढं सगळं केलंस, ते विचार. तो असेल तर सांगेल."

"मग?"

"कुशनं विचारलं. दारात उभं राहून. दादा, फोन कशाला केला होतास?"

काकांनी मेणबत्तीचं ओघळलेलं मेण बोटानं सारखं केलं.

वर जिन्याशी कुठेतरी लाकूड वाजलं. अनिकानं ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. पट्टा हळूहळू मागे गेला. श्वास सोडल्यावर छाती खाली बसते ना... तसा. सीटला टेकला. बस."

"आणि बेल्ट?"

"स्टूल नानांच्या घरी आडवं आहे. कुश आता व्हॅन चालवत नाही, ती आमच्या दुकानामागे उभी असते. बॅटरी कधीच उतरली. परवा बर्फ काढताना मी काचेतून पाहिलं."

मेणबत्ती चरचरली.

"बकल लावलेलंच आहे. आणि पट्टा... पुन्हा पुढे आलाय."