तिसऱ्या हाकेला ओ

दिवेलागणीला तलावाकडून कुणी नावानं हाक मारली, तर आमच्या कुरखेड्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. जे माणूस नसतं ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही म्हणतात. म्हणून जितंजागतं माणूस तीनदा हाक मारतं, आणि तिसरीला मात्र ओ द्यायचीच. दामिनीची आई चंदाबाई तिला लहानपणी पाठीत धपाटा घालून सांगायची, "तिसऱ्या हाकेले ओ नाई देल्ली, तं हाक मारनारं मानूस हाकेपाशीच राहून जाते. घरी येते थे नुसतं खोकं."

आता ही दामिनी कोण, तर तलावात जाळं टाकणाऱ्या इस्तारीची एकुलती पोरगी. शिकली, पुण्याला कॉम्प्युटरवर लागली. तिथं पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये 'मले चाय पायजे' म्हणाली आणि अख्खं टेबल खिदळलं. त्या दिवशी बाईनं 'मले' गिळलं ते गिळलंच. घरचा फोन आला की जिन्यात जाऊन, तोंडावर हात धरून बोलायची.

पाठीवर एक सॅक टाकून एकटीनं जग बघायचं, हे खूळही तिथलंच. आणि निघाली कुठं? फिनलंडच्या पार वरच्या टोकाला, ऐन डिसेंबरात! आम्हाला जगाचं टोक म्हणजे पावसात वाट तुटलेलं भामरागड. तिनं तर हद्दच केली. बापाला सांगितलं, हापिसच्या कामाला चालले.

बसमधून उतरून पहिला श्वास घेतला, तर नाकातले केस ताठ झाले. सूर्य तिथं उगवतच नव्हता. जेवणाच्या सुमाराला थोडा निळसर उजेड यायचा आणि भांडी विसळून होईस्तोवर काळोख. माणसं बोलायची नाहीत, कुत्री भुंकायची नाहीत. पण ती खरी दचकली ती वासानं. वासच नव्हता! झाडाला नाही, पाण्याला नाही, मातीला नाही. जिथं कशालाच वास नाही, तिथं आपल्या अंगालाही मासळीचा वास येत नसणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

हॉस्टेलात पुण्याची रश्मी भेटली. मोकळी, बोलकी बाई. सूप ढवळता ढवळता तिनं विचारलं, "बाबा काय करतात तुझे?"

"फिशरीजमध्ये आहेत."

"अरे वा! ऑफिसर?"

दामिनीनं मान हलवली. तोंडानं हो म्हणाली नाही, एवढंच काय ते पुण्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी पाव आणायला निघाल्या. दुकान तळ्यापलीकडं. तळं गोठून पांढरं पटांगण झालेलं, आणि चालायच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी काठ्या रोवलेल्या. उजेड संपत आला होता. फोटो काढायला म्हणून दामिनी काठ्यांच्या बाहेर सरकली. रश्मी मागं थांबली.

आणि तेवढ्यात वास आला.

ओल्या जाळ्याचा. शेवाळाचा, मासळीचा. घराच्या ओट्यावर यायचा तोच.

"दामे..."

ती जागच्या जागी थिजली. पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते.

"दामे वं..."

पुढं, अंधुकात, बर्फावर कुणीतरी उकिडवं बसलं होतं. डोक्याला दुपट्टा. गुडघ्यापर्यंत उघडे पाय. हात वर करून तो तिला थांबवत होता.

"दामे! पाय नोको ठेवू तिकडं... खाली पानी चालू हाय!"

तिनं उचललेला पाय मागं घेतला. समोरचा बर्फ करकरला, त्यात बारीक भेग पडली आणि भेगेतून काळं पाणी वर आलं. तिथं ओढा तळ्यात उतरत होता. इस्तारीनं जन्मभर तिला हेच शिकवलं होतं, की ओढा उतरतो त्या जागेचा भरवसा धरायचा नाही.

तिसरी हाक होती ती. ओ गळ्यापर्यंत आली होती.

मागून रश्मी ओरडली, "अगं, तुलाच हाक मारतोय ना तो? आणि कसं बोलतोय! ओळखीचा आहे का तुझ्या?"

दामिनीनं ओठ मिटले. मग हसली. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "असेल कुणीतरी."

त्या माणसाचा वर केलेला हात हळूहळू खाली आला. वास गेला. तो मात्र उठला नाही, गेला नाही, तसाच बसून राहिला. दामिनीनं तोंड फिरवलं आणि काठ्यांच्या आत येऊन चालू लागली. मागं वळून बघायची तिची छाती झाली नाही.

हॉस्टेलात येऊन तिनं घरी फोन लावला. चंदाबाई म्हणाली, "बा तुहा बरा हाय वं. सांजंले तलावावर बसल्या बसल्या लुढकला होता. आता उठून बसला. फक्त बोलून नाई राह्यला."

जिवंत आहे! दामिनी पांघरुणात तोंड खुपसून रडली. पण पुण्याला परतल्यावर गावी जायची तिची हिंमत होईना. कोणत्या तोंडानं जाणार? आज जाते, उद्या जाते, करता करता उन्हाळा आला, मोहाची फुलं टपटपायला लागली. चंदाबाईच्या फोनातला आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला, तेव्हा कुठं ती निघाली.

कुरखेड्याला उतरली तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. चंदाबाई दारातच तिचा हात धरून पुटपुटली, "हात लावून पाह्य बापाले... गारठोन हाय. सकाळी खाटेखाली पांढरं पडून राह्यते. मले वाटलं मीठ. झाडून काढाले गेली, तं पानी झालं."

दोघी तलावावर गेल्या, तर इस्तारी पाळीच्या बांधावर जाळं शिवत बसला होता. पायाची बोटं काळीठिक्कर पडलेली.

"पाह्य ना, कोन आली," चंदाबाई म्हणाली. "कोन हाय सांग बरं?"

त्यानं मान वर केली. दामिनीकडं नीट पाहिलं. मग हसला, अगदी सभ्य, परक्या माणसासारखा.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "असेल कुणीतरी."

जन्मात कधी त्याच्या तोंडून 'मला' निघालं नव्हतं. चंदाबाईनं पदर तोंडात कोंबला. दामिनी तिथंच, त्या तापल्या मातीत, गुडघ्यावर बसली. मग तिनं हाक मारली, गिळलेला सगळा आवाज पोटातून ओढून काढत.

"बा..."

सुई चालत राहिली.

"बा गा..."

पाळीवर वारं नव्हतं.

"बा! मी हावो... दामी!"

"ओ..."

ओ आली. क्षीण, फार लांबून, पाण्याच्या पलीकडून, दातांवर दात वाजत असल्यासारखी. समोर बसलेल्या इस्तारीचे ओठ मिटलेले होते, आणि तो खाली मान घालून जाळं शिवत होता.