दुसऱ्या कप्प्यातली डिस्क

"दोन्ही डिस्क मेल्या?" दुरुस्तीवाल्या बाईंनी विचारलं.

"दोन्ही. नशीबच फुटकं आमचं," मालक म्हणाले आणि खुर्चीत आणखी पसरले.

नशिबावर बाईंचा विश्वास नव्हता. मालकांवरचा तर दहा मिनिटांतच उडाला होता.

बाईंना बोलावलं होतं चौकशी अधिकाऱ्यांनी. ही कंपनी लिफ्टची देखभाल करायची. बुधवारी तिच्याच देखरेखीतली एक लिफ्ट कोसळली. आत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे दोन्ही पाय मोडले. पुन्हा चालतील का, यावर डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. ती लिफ्ट शेवटची कोणी आणि कधी तपासली, याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर होती. आणि शुक्रवारी सर्व्हरने मान टाकली.

खापर फोडायला डोकं तयारच होतं, नोंदी सांभाळणाऱ्या काकूंचं. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात असायची. गुरुवारी आणि शुक्रवारी त्या रजेवर होत्या, पण तेवढं लक्षात घेण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

खोली म्हणजे झाडूच्या अडगळीला लागून असलेली एक बोळकांडी. बाईंनी सर्व्हर उघडला. दोन कप्पे, दोन डिस्क. दोन्हींवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जायचा; एक गेली तरी दुसरीत सगळं शाबूत राहावं म्हणून. पहिलीच्या तबकड्या घासून पार खरवडल्या होत्या.

"ही चार महिन्यांपूर्वीच गेली आहे," बाई म्हणाल्या. "सर्व्हर शिट्टी वाजवून सांगत असणार."

"वाजत होती ना," काकू म्हणाल्या. "मालकांना बोलण्यात व्यत्यय यायचा. त्यांनी वायर तोडायला लावली."

"वा! आग लागली की घंटाच काढून टाकायची. आणि वेगळी प्रत?"

"तिच्यासाठीची डिस्क मागितली होती. दोनदा."

दुसऱ्या कप्प्यातली डिस्क बाईंनी आपल्या यंत्राला जोडली. ती कण्हत होती, जागोजागी खराब झाली होती; पण स्वतःबद्दल थोडंफार सांगत होती. एकूण चालली एक हजार आठशे वीस तास. सुरू झाली नऊशे दहा वेळा. बाईंनी आकडे वहीत उतरवले आणि त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

"हिचा नंबर खरेदीच्या कागदांशी ताडून बघता येईल?"

"ते कागदही सर्व्हरवरच आहेत."

"अर्थातच. सर्व्हर कधी बंद करायचा?"

"तीन वर्षांत एकदाही नाही. सगळे कॉम्प्युटर आणि डिस्क तेव्हा एकदमच आणल्या, एकाच कंपनीच्या."

"तुम्ही सगळे किती वेळ कॉम्प्युटरवर असता?"

"नऊ ते सहा. मुख्य तपासनीस सोडून. ते जेवणानंतर दोनेक तास टेकतात, बाकी वेळ म्हणे इमारती तपासतात. त्यांचा कॉम्प्युटर सारखा अडकायचा. रोज मलाच हाका."

मुख्य तपासनिसांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. बुटांना धुळीचा कण नव्हता. रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस!

"ती लिफ्ट तुम्ही तपासली होती?"

"दर महिन्याला. जातीने."

"शेवटचं कधी?"

"सांगतो ना, माझ्या डायरीत आहे." त्यांनी बटण दाबलं. बाईंचा चष्मा पुसून होईतो पडद्यावर डायरी हजर. "पाच तारीख. बघा. बाई, डिस्क काय, माणसासारखीच, कधीतरी जायचीच. तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?"

"सवय आहे," बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासाने अधिकाऱ्यांनी सगळ्यांना मालकांच्या खोलीत बसवलं. मुख्य तपासनिसांचा कॉम्प्युटर बाईंच्या पुढ्यात होता, पोट उघडलेला.

"सर्व्हर तीन वर्षं अखंड चालला," बाई म्हणाल्या. "म्हणजे सव्वीस हजार तास. त्याच्या दुसऱ्या कप्प्यातली ही डिस्क मात्र अठराशेच तास चालली, आणि नऊशे वेळा चालू झाली. दर वेळी दोन तास. ही सर्व्हरची डिस्क नाहीच. रोज दोन तास टेकणाऱ्या माणसाची आहे."

मुख्य तपासनिसांनी घसा खाकरला.

"लिफ्ट पडली बुधवारी. गुरुवारी काकू रजेवर. रात्री ऑफिस रिकामं झाल्यावर यांनी खणातून किल्ली घेतली, सर्व्हरची चांगली डिस्क काढली आणि स्वतःची रडकी डिस्क तिथे बसवली. बाहेरून दोन्ही जुळ्या. म्हणून रोज अडकणारा कॉम्प्युटर आज पळायला लागला."

"हा निव्वळ तर्क आहे!"

"तर्क नाही. हिच्या पोटात सव्वीस हजार तास नोंदलेले आहेत." बाईंनी उघड्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून वर धरली. "नदीत फेकली असती तर मी हात टेकले असते. पण फुकटात मिळालेली धडधाकट डिस्क टाकवेना! वरवर पुसली आणि वापरायला काढली. पुसल्याने फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर तसाच राहतो. पाच तारखेला अकरा वाजता यांनी ती लिफ्ट तपासली. त्याच अकरा वाजता आणखी सहा लिफ्टही तपासल्या, गावाच्या सहा टोकांना."

मुख्य तपासनिसांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी खिडकीकडे पाहिलं.

"नालायक माणूस," मालक म्हणाले. "विश्वासाने ठेवला होता. साहेब, घेऊन जा याला. काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. उद्यापासून पूर्वीसारखं…"

"अजून एक नोंद आहे," बाई म्हणाल्या. "लिफ्टच्या मिस्त्रीची. 'तारेचा दोर झिजला आहे, ब्रेकही नीट धरत नाही. लिफ्ट बंद ठेवावी.' तीन वेळा लिहिलंय. तिन्हींच्या खाली मालकांचा शेरा आहे. 'सध्या चालवून घ्या.'"

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. मालक खुर्चीत ताठ झाले.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"मिस्त्रीचं परत एकदा वाचा ना, बाई," त्या म्हणाल्या. "सावकाश. यांनी तेव्हा वाचलं नसेल."