कोरडं गोमुख

बारक्या सापडत नव्हता. डोंगरातल्या बौद्ध लेण्यांत लपंडाव चालला होता. ताईने स्तूपामागे पाहिलं, खांबांआड पाहिलं, भिक्षूंच्या एकेका खोलीत डोकावून झालं. हाका मारून घसा बसला, पण ओ नाही. ओ येणार तरी कशी? हाकेला ओ देऊन हा बावळट दर डावात पकडला जायचा, म्हणून तिनेच भावाला बजावलं होतं, "मी 'हरले' म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही." आणि मागच्या डावात खोटंच 'हरले' म्हणून त्याला पकडलंही होतं तिनेच.

"चल, आईला सांगू," मावसभाऊ म्हणाला. त्याला सगळे चष्म्या म्हणत. त्याची आई, म्हणजे ताईची मावशी, पर्यटकांना ही लेणी आणि खालचं शिवमंदिर दाखवायची. सुट्टीत ही तिघं तिच्या मागे मागे.

पण मावशी मंदिरात नव्हती. पुरातत्त्व खात्याचे मोठे साहेब पाहणीला यायचे होते, त्यांना आणायला ती रस्त्यापर्यंत गेली होती. मंडपात डागडुजीच्या कामावरचा मुकादम एकटाच, हातात लाल फडकं घेऊन उभा.

ताईचं लक्ष गोमुखाकडे गेलं. सकाळी त्याखाली धरलेले हात गारठले होते. आता ते ठणठणीत कोरडं होतं.

"काका, पाणी कुठे गेलं?"

"वर टाक्याच्या तोंडाला पोतं ठोकलंय. मंडपाची फरशी वाळायला नको? साहेबांची गाडी आली की मी फडकं हलवणार, वरचा माणूस पोतं काढणार. वाहतं पाणी बघून साहेब खूश."

ताईला मावशीचं बोलणं आठवलं. भिक्षूंनी वरच्या टाक्यापासून लेण्यांखालून पाणी न्यायला माणूस सरपटत जाईल एवढा पन्हळ खोदला होता, आणि कितीतरी काळाने मंदिर बांधणाऱ्यांनी त्याच पाण्याला हे दगडी गायीचं तोंड बसवलं. आणि तिला शेवटची खोली आठवली. तिथे मजुरांनी पन्हळावरची फरशी उचकटून तशीच टाकली होती. त्या काळ्या भोकात कोण शिरतंय, म्हणून ती पुढे निघून गेली होती. बारक्या तिथेच शिरला असणार.

तिने गोमुखाला तोंड लावलं. "बारक्या, मी हरले."

मग खूप आतून आवाज आला, "खोटं. मागच्या वेळी पण असंच म्हणालीस."

"काका, माझा भाऊ आत आहे. पाणी सोडू नका."

"दगडात आवाज घुमतो गं. बाजूला हो, गाडी आली बघ."

त्याने हात वर केला आणि चष्म्याने उडी मारून फडकं हिसकावलं. पळताना ते फडफडायला लागलं तशी त्याची पाचावर धारण बसली. हीच तर खूण. त्याने ते घाईघाईने सदऱ्यात कोंबलं. मुकादम हातवारे करत मागे धावला.

"हात हलवू नका," चष्म्या ओरडला. "वरच्याला खूण वाटेल. आधी तिथे कान लावा."

मुकादमाने चिडून कान लावला. "ताई, इथे खूप अंधार आहे," आतून कोणीतरी मुसमुसत होतं. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला.

ताई तोवर डोंगर चढत होती. ढोपर फुटलं होतं. ती भोकाशी पालथी पडली. "बारक्या, मी हरले. खरंच हरले रे. आवाजाकडे ये."

"रडतेस का?"

"हो."

मग सरपटण्याचा आवाज आला. चिखलाने माखलेला एक हात दिसला आणि तिने तो धरून जीव खाऊन ओढलं. बारक्याचे पाय वर आले, तोच खालून पाणी घोंघावत गेलं. वरच्या माणसाला गाडी दिसली होती. फडक्याची वाट न बघता त्याने पोतं काढलं होतं.

चष्म्या, मुकादम आणि त्यांच्यामागून मावशी आणि साहेब धापा टाकत पोहोचले. साहेबांनी मुकादमाला असं झापलं की तो मान वर करेना. "तुम्ही होतात म्हणून आज निभावलं," ते मुलांना म्हणाले. मावशीने तिघांनाही कवटाळलं.

"मी जिंकलो ना?" बारक्याने विचारलं.

"जिंकलास. पण आता नवा नियम. हाक मारली की ओ द्यायची."

"मग तू पकडशील."

"नाही पकडणार," ताई म्हणाली. तिने त्याचा हात अजून सोडला नव्हता. "तू फक्त ओ देत जा."